कोठडी नव्हे, माहेर

“तुम्ही फार अपराधी दिसताय,” ठाणेदार जगदाळे मला म्हणाले. “जरा निर्दोष दिसा.”

मी कोठडीत नव्या कोऱ्या गादीवर मांडी घालून बसलो होतो. शेजारी माठ, माठावर क्रोशाचं झाकण, कोपऱ्यात कॅरम आणि भिंतींना ताजा गुलाबी रंग. त्या रंगाच्या वासानं माझं डोकं उठलं होतं. मी त्यांना म्हटलं की साहेब, मी इतकी वर्षं स्टेजवर फौजदार करतो, आरोपीचा चेहरा मला जमत नाही. आमच्या झाडीपट्टीत नाटकं रात्रभर चालतात, आणि आमच्या कंपनीत खाकी कपडे आणि हातात दंडा म्हटलं की तो मीच, शालिक कुथे. बाजारातसुद्धा लोक मला ‘फौजदार’ म्हणूनच हाक मारायचे. खऱ्या फौजदाराला गावात जेवढा मान होता त्यापेक्षा मला जरा जास्तच होता. अशा माणसाला या लोकांनी आरोपी केलं होतं, आणि वर निर्दोष दिसायला सांगत होते.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. त्या वर्षी कोठडीत मेलेल्या एका पोराच्या खटल्याचा निकाल लागला होता. पोलिसांना जन्मठेप झाली होती. नुसत्या शिपायांना नव्हे, चांगल्या मोठ्या अधिकाऱ्यालासुद्धा. टीव्हीवर आठवडाभर दुसरं काही नव्हतं. मग वरून हुकूम सुटले. ठाण्याठाण्यांत कॅमेरे बसले, आरोपीच्या हक्कांचे फलक लागले आणि एक समिती फिरायला लागली. आरोपीला माणसासारखं वागवतात की नाही, हे ती आपल्या डोळ्यांनी बघणार होती. आता बघायचं तर आरोपी पाहिजे. हुकुमात त्याचीही सोय होती. आरोपी उपलब्ध नसल्यास प्रात्यक्षिक दाखवावे, असं त्यात लिहिलेलं होतं.

आपल्या ठाण्यात सध्या एकही आरोपी नाही, असं जगदाळे मोठ्या अभिमानानं सांगत. शिपायांपैकी कोणी आरोपी व्हायला तयार नव्हतं. गजाआडचा फोटो सासरी पोचला तर काय, ही प्रत्येकाची अडचण होती. म्हणून मला बोलावणं आलं. मी नाही म्हणणार होतो. पण दिवाळी तोंडावर होती, दिवाळीनंतर आमचा हंगाम, आणि नाटकाची परवानगी याच ठाण्यातून निघायची. जगदाळ्यांनी तसं काही म्हटलं नाही. त्यांनी फक्त यंदा तुमचा पहिला प्रयोग कधी, असं आपुलकीनं विचारलं. मी कोठडीत जाऊन बसलो.

संहिता त्यांनी स्वतः लिहिली होती. नाव होतं ‘कोठडी नव्हे, माहेर’. एका इसमाला अटक होते, तो रडतो, जमादार त्याचे डोळे पुसतो, त्याला त्याचे हक्क वाचून दाखवतो, मग दोघं कॅरम खेळतात. शेवटी जामीन मिळतो तेव्हा तो इसम गज धरून म्हणतो, मला इथून पाठवू नका. शेवट जरा जास्त होतो का, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, आमच्याकडे चालतं.

खरी अडचण भोयर जमादारांची होती. भोयर आमच्याच भागातले, निवृत्तीला आलेले, पोट सुटलेले. त्यांच्या वाट्याला एक वाक्य होतं: “आपणास पाणी हवे आहे काय?” सगळ्या नोकरीत त्यांनी कोठडीतल्या माणसाला “पी” एवढंच म्हटलेलं. ते वाक्य त्यांच्या तोंडून धमकीसारखं बाहेर पडायचं. जगदाळे त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेत. भोयर घाम पुसत म्हणत, पण ‘आपणास’वरच अडखळत.

मी एकच मागणी केली. आमचे प्रॉम्प्टर झिबलजी यांना माझ्यासोबत येऊ द्या म्हटलं. झाडीपट्टीचा नट प्रॉम्प्टरशिवाय म्हणजे काठीशिवाय आंधळा. रोज वेगळ्या गावी वेगळं नाटक, पाठ काय काय करणार. पडद्यामागून झिबलजींचा आवाज येतो आणि आमच्या तोंडून बाहेर पडतो. म्हणून आमच्या कंपनीत एक रीत आहे. मानाचा प्रयोग झाला की प्रमुख पाहुण्याच्या हातचा पहिला नारळ हिरोला नाही, हिरॉईनला नाही, प्रॉम्प्टरला. त्याला पडद्यामागून बाहेर आणायचं, नारळ द्यायचा, तेव्हा कुठं प्रयोग पुरा होतो. मी हे सगळं जगदाळ्यांना समजावून सांगितलं.

“आरोपीला प्रॉम्प्टर नसतो,” ते म्हणाले. तिथंच विषय संपला.

ठाण्याच्या फाटकापाशी एक कडुनिंब होता. त्याच्याखाली एक बाई स्टीलचा डबा घेऊन बसलेली असायची. तालमीला येताना मी तिला पाहायचो आणि जाताना पुन्हा पाहायचो. फाटकावरच्या शिपायाला विचारलं तर तो म्हणाला, वनमाला नाव आहे, भाऊ हरवला म्हणते, डोक्यावर परिणाम झालाय. रोज सकाळी ती आत येऊन विचारायची, रोज तिला सांगायचे की इथं कोणी नाही. मग ती डबा घेऊन परत झाडाखाली जायची. हरवलेल्या माणसासाठी कोणी रोज ताजा डबा आणत नाही, एवढं खरं तर मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी माझ्या भूमिकेत होतो.

एके दिवशी तालमीत जगदाळ्यांना फोन आला म्हणून ते बाहेर गेले. भोयर समितीच्या अध्यक्षाचा प्रश्न वाचत होते, मी उत्तर देत होतो. तुमची काही तक्रार आहे काय, असा तो प्रश्न. “नाही साहेब,” मी म्हटलं, आणि पुढचं काही आठवेना. सवयीनं मी मान जराशी मागे कलती केली. आणि मागून, बारीक आवाजात, आलं:

“मला इथं अगदी घरच्यासारखं ठेवलंय.”

मी खूश झालो. मला वाटलं झिबलजी चोरून आले. “वा झिबलजी,” म्हणत मी वळलो तर मागे कोणी नव्हतं. कोठडीला लागून मुद्देमालाची खोली होती, म्हणजे चोरीचा जप्त माल ठेवायची. तिच्या दाराला हे एवढं कुलूप होतं. भोयरांचा चेहरा पडला होता. फाटकावर कोणी आलंय का बघतो, असं म्हणून ते निघून गेले. कोठडीला माझ्यासाठी कुलूप लावत नसत. मी उठून त्या दारापाशी गेलो आणि कोण आहे म्हणून विचारलं.

“मी रुपचंद जी. रुपचंद सोनवाने. वायरमन.” आवाज जमिनीवरून येत होता. “तुमी फौजदार ना? आवाजावरून वळखलो. ते ‘अगदी’च्या आधी थांबत जा जी थोडं. तुमची घाई होते.”

खरं सांगतो, मला आधी रागच आला. स्टेजवर केस पांढरे केलेल्या माणसाला हा शिकवतो. मग मला कळलं की मी कुणाशी बोलतोय.

रुपचंदला मी ओळखत होतो. आमच्या मांडवातली लाइट तोच बघायचा. ठाण्यातले नवे कॅमेरेसुद्धा त्यानंच बसवले होते. ते बसवून आठवडा झाला नाही तोच त्यांची वायर नाहीशी झाली. जगदाळ्यांनी विचार केला की ज्यानं लावली त्यालाच काढता येईल, आणि रुपचंदला उचलून आणलं. कॅमेरे बंद, त्यामुळे त्याला आणताना कोणी पाहिलं नाही, आणि आत काय झालं तेही कोणी पाहिलं नाही. निकाल लागल्यापासून अटक दाखवली की डॉक्टर आणा, घरी कळवा, कोर्टापुढे उभं करा, अशी भानगड मागे लागायची. म्हणून अटक दाखवलीच नव्हती. सुधारणा झाली होती ती अशी.

मी त्याला सांगितलं की तुझी बहीण बाहेर बसलेली आहे. आत तो दाराजवळ सरकल्याचा आवाज आला. मग म्हणाला की तिला सांगू नका, ती आरडाओरडा करेल. “साहेब म्हनले, परयोग चांगला झाला का सोडतो. तुमी चांगलं करा जी. मले तुमचा सगळा पाठ झाला आहे.”

भोयर मला चहाच्या टपरीवर गाठून सगळं खरं बोलले. बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. “सोडते कायचे जी. लघवीतून रगत जाऊन राहिलं त्याच्या. दवाखान्यात न्यावं तर कागदावर मानूसच नाही. समिती गेली का गाडीत टाकून जंगलापल्याड सोडून देनार हायेत. जगला तर जगला.” मग तुम्ही कोणाला का सांगत नाही, असं मी विचारलं. ते म्हणाले की जमादाराचं कोण ऐकतो, तुम्ही कलावंत माणूस, तुमचं बोलणं लोक ऐकतात.

मला ते पटलं. घरी जाऊन मी ठरवलं की समिती समोर बसली की सरळ सांगून टाकायचं. परवानगी गेली तर गेली, एक हंगाम बुडेल. पण त्या खोलीत माणूस मरतोय आणि समिती त्याच्या शेजारच्या भिंतीला टेकून चहा पिऊन जाणार, हे माझ्यानं होणार नव्हतं. मला भीती वाटत होती, पण पाठांतराची वाटते त्याहून जास्त नाही.

समिती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. अध्यक्ष होत्या निवृत्त न्यायाधीश इनामदार बाई. पिकलेले केस, सुती साडी, पायांत चालायचे बूट. सोबत एक सचिव होता, तो सारखं काहीतरी लिहीत होता. बाई फार दमलेल्या दिसत होत्या. सकाळपासून त्यांनी अशी बरीच माहेरं पाहिली असावीत. प्रत्येक ठाण्यानं शाल आणि नारळ दिलेला, गाडीची मागची सीट नारळांनी भरलेली. जगदाळ्यांनी आणखी एक दिला. बाई कोठडीसमोरच्या खुर्चीत बसल्या आणि तो त्यांनी मांडीवर ठेवला. मुद्देमालाच्या खोलीचं दार त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर होतं.

प्रयोग सुरू झाला. मी रडलो, भोयरांनी माझे डोळे पुसले, आणि घाबरून इतके जोरात पुसले की मला खरंच पाणी आलं. पाण्याचं वाक्य त्यांनी “आपण पाणी पी” असं म्हटलं. कॅरममध्ये मी राणी घेतली तेव्हा बघायला बोलावलेल्या गावच्या पोलीस पाटलांनी टाळी वाजवली. मग जगदाळ्यांनी खूण केली आणि बाईंनी समोरच्या कागदावरून प्रश्न वाचला. तुमची काही तक्रार आहे काय?

“आहे,” मी म्हटलं. “या शेजारच्या खोलीत एक माणूस कोंडलाय. त्याला मारलंय. त्याची अटक दाखवलेली नाही. आज संध्याकाळी त्याला जंगलात नेऊन टाकणार आहेत.”

मला वाटलं, सुटलो.

जगदाळे हसले. “मॅडम, हे झाडीपट्टीचे मोठे कलावंत आहेत,” ते म्हणाले. “लिहिलेलं सोडून मनानं बोलतात, ती यांची खासियतच आहे.” पोलीस पाटलांनी पुन्हा टाळी वाजवली, आणि या वेळी बाकीच्यांनीही. सचिवानं विचारून माझ्या नावाचं स्पेलिंग लिहून घेतलं. मी म्हटलं की मी खरं बोलतोय, हे नाटक नाही. बाई माझ्याकडे बघून थकल्या चेहऱ्यानं हसल्या आणि म्हणाल्या की फार नैसर्गिक करता तुम्ही.

मी आणखी मोठ्यानं बोललो असतो तर आणखी मोठी टाळी पडली असती. माझा आवाज, माझे हात, माझं कपाळाला आठ्या घालणं, सगळं स्टेजचंच होतं. मला दुसरं येतच नव्हतं. आयुष्यभर खोटं बोललो तेव्हा लोकांनी माझ्यावर विश्वास ठेवला, आणि एकदाच खरं बोललो तर त्यांना अभिनय दिसला. मला रडू यायला लागलं, आणि तेसुद्धा चांगलं वठलं असणार.

“कुथे,” जगदाळे हळूच म्हणाले, “लिहिलेलं बोला. मॅडमना उशीर होतोय.”

बाईंनी प्रश्न पुन्हा वाचला. मी काहीच बोललो नाही. ठरवून गप्प राहिलो असं नाही. खरोखर शब्द सुचत नव्हते. “नाही साहेब,” एवढं तोंडून गेलं आणि पुढं सगळं कोरं झालं. मान आपोआप मागे कलली. बाई थांबल्या. सचिवाचं पेन थांबलं. भोयर माठाकडे बघत होते. त्या शांततेत बंद दारामागून, जमिनीच्या बाजूनं, सावकाश आवाज आला. ‘अगदी’च्या आधी बरोबर थांबून.

“मला इथं… अगदी घरच्यासारखं ठेवलंय.”

बिचाऱ्याला वाटलं असेल, मी विसरलो, आता प्रयोग पडणार, आणि प्रयोग पडला की आपण सुटत नाही.

इनामदार बाईंनी दाराकडे पाहिलं आणि आत कोण आहे, असं विचारलं.

“प्रॉम्प्टर, मॅडम,” जगदाळे म्हणाले. त्यांनी क्षणाचाही वेळ घेतला नाही. “नाटकवाल्यांना लागतो.”

माझं डोकं एकदम चालायला लागलं. मी गजाआडून बाहेर आलो, बाईंना वाकून नमस्कार केला आणि आमची रीत सांगितली. पाहुण्यांच्या हातचा पहिला नारळ प्रॉम्प्टरला, त्याशिवाय आमचा प्रयोग पुरा होत नाही. जगदाळे म्हणाले की तो फार लाजाळू आहे. मी म्हटलं, सगळे प्रॉम्प्टर लाजाळूच असतात, म्हणूनच ही रीत आहे. ते म्हणाले की उशीर होतोय. पण बाईंना मांडीवरचा नारळ कुठंतरी द्यायचाच होता, आणि दिवसभरात पहिल्यांदाच कोणीतरी त्यांना नारळ देण्याऐवजी मागत होतं. त्या उठल्या, एका पावलात दारापाशी गेल्या आणि तिथंच थबकल्या.

“प्रॉम्प्टरला बाहेरून कुलूप कशाला?” त्यांनी विचारलं.

जगदाळे म्हणाले की आत मुद्देमाल असतो, नियम आहे. बाई म्हणाल्या, मग उघडा. जगदाळे म्हणाले, किल्ली सापडत नाही. बाई आता थकलेल्या दिसत नव्हत्या. न्यायासनावरची त्यांची नजर कशी असेल, ते मला तेव्हा दिसलं.

किल्ल्यांचा जुडगा भोयरांच्या कमरेला होता. त्यांनी ठाणेदारांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मग ते पुढे झाले आणि कुलूप काढून दार ढकललं. आत मोडक्या सायकली आणि दारूचे कॅन होते, आणि त्यांच्या मधोमध फरशीवर रुपचंद बसला होता. पाय लांब केलेले, सुजलेले. भोयर दारात उभे राहिले आणि एकही शब्द न चुकता म्हणाले, “आपणास पाणी हवे आहे काय?”

रुपचंदनं मान हलवली. त्याला वाटलं हे नाटकातलंच आहे.

बाई वाकल्या आणि त्याच्यापुढे नारळ धरला. का धरला ते त्यांनाही माहीत नसावं. हातात होता म्हणून. रुपचंदनं आदरानं दोन्ही हात पुढे केले. बोटं मिटत नव्हती. नारळ त्याच्या हातांतून सुटला, सायकलीवर आपटला आणि गडगडत बाहेर, थेट जगदाळ्यांच्या बुटापाशी जाऊन थांबला. तो उचलायला कोणी वाकलं नाही.

त्या वायरचं काय झालं, हे पुढं चौकशीत निघालं. उंदरांनी कुरतडली होती. उरलेली छतात तशीच लोंबत होती. जगदाळे निलंबित झाले, खटला उभा राहिला, त्यात मी साक्षीदार होतो. जगदाळ्यांच्या वकिलानं मला विचारलं की तुमचा धंदा खोटं बोलण्याचा ना, आणि मी हो म्हटलं. आमचा तो हंगाम बुडाला. भोयरांची पेन्शन बरेच दिवस अडकली होती. पण हे सगळं नंतरचं.

त्या दुपारी बाई साडीची पर्वा न करता फरशीवर बसल्या. सचिवाला नवा कागद घ्यायला सांगितलं आणि रुपचंदला विचारलं की तुमचं नाव काय.

तो बोलेना. त्यानं जगदाळ्यांकडे पाहिलं, मग संहितेत हा प्रश्न नव्हता म्हणून गोंधळून माझ्याकडे पाहिलं. मग त्यानं मान मागे कलती केली. आम्ही करतो तशी.

मी त्याच्या मागे जाऊन बसलो. आयुष्यात मी कधी प्रॉम्प्टिंग केलं नव्हतं. त्याच्या कानाशी तोंड नेऊन हळू म्हटलं, “रुपचंद सोनवाने.”

“रुपचंद सोनवाने,” तो म्हणाला.

बाईंनी जरा मोठ्यानं म्हणायला सांगितलं, म्हणजे लिहून घेता येईल. मी पुन्हा कानात सांगितलं, आणि त्यानं होता नव्हता तेवढा आवाज काढला. तो खिडकीतून बाहेर गेला. कडुनिंबाखाली वनमाला उठून उभी राहिली. डबा घेऊन ती फाटकातून आत आली. शिपाई तिला नेहमीचं, इथं कोणी नाही, ते म्हणायला पुढे झाला, आणि काही न म्हणता बाजूला सरकला.